येळवसला आलेलं हेलिकॉप्टर

आमच्या घरात येळवस चार दिवस आधी कानांवाटे यायची. सोप्यात बसून माय तुरीच्या, घेवड्याच्या, वाटाण्याच्या शेंगा सोलायची आणि दाणे पितळेच्या परातीत टपटप पडायचे. आबा गंजीतून कडब्याच्या पेंढ्या ओढायचे, त्याची सळसळ घरभर व्हायची. आणि चुलीमागच्या उबेला ठेवलेल्या आंबिलीच्या मडक्याला कान लावला की आत बारीक फसफस ऐकू यायची. "आली का गं आंबट?" माय विचारायची. मी चव न घेता, नुसत्या कानानं सांगायची, "आली." पुढं सारा जन्म मी शाळेत गणित शिकवलं, पण माझ्या कानावर मायेनं ठेवला तेवढा भरवसा पुन्हा कुणी ठेवला नाही.

ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ही मार्गशीर्षातली अमावस्या. बाकीचा महाराष्ट्र अमावस्या म्हटलं की लग्न, मुहूर्त, नवी खरेदी सगळं टाळतो. आमच्या धाराशिवकडं मात्र त्या दिवशी गावंच्या गावं घरांना कड्या घालून रानात जातात. रानात कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. त्यांना नैवेद्य दाखवून पिकाभोवती आंबील शिंपडत फिरायचं आणि एक हाळी द्यायची, जिच्यातली निम्मी अक्षरं कानडी, निम्मी मराठी आणि अर्थ कुणालाच सांगता येत नाही. मग जेवण. भज्जी, म्हणजे तळलेली भजी नव्हेत; रानातल्या झाडून साऱ्या शेंगा, दाणे आणि पाला, चिंचेचा कोळ आणि बेसन घालून रटरटवलेली घट्ट भाजी. तिच्यासोबत बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर आणि वर ती ज्वारीच्या पिठाची, ताकातली गार आंबील. नियम एकच. बांधावरून जाणारा कुणीही असो, पाव्हणा असो, पोलीस असो की फकीर, त्याला "या जेवाया" म्हणायचंच, आणि त्यानं नाही म्हणायचं नाही. हा नियम लक्षात ठेवा. माझ्या आयुष्याचं गणित त्याच्यावर सुटलं.

आमचं गाव जळकोटच्या हमरस्त्यापासून आत आणि मधे ओढा. हिवाळ्यात त्याला गुडघाभर पाणी, आणि पावसाळ्यात तर त्याचं नावच काढायचं नाही. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवी ते दहावी मी जळकोटच्या हायस्कुलात गेले ती दप्तर डोक्यावर धरून. या ओढ्यावर पूल व्हावा म्हणून माझ्या डोळ्यांदेखत तीन वेळा नारळ फुटला होता. काय थाट असायचा! मांडव, बँड, गुलाबी फेटे, कर्ण्यावर सिनेमाची गाणी, पोरांना पेढे. खोटं कशाला सांगू, आम्ही त्या दिवसाची जत्रेपेक्षा जास्त वाट बघायचो. पुढारी यायचा, कोऱ्या कुदळीनं दोनदा माती उकरायचा, फोटो निघायचा, कोनशिलेवरचा पडदा सरकायचा. गाड्या धुरळा उडवत गेल्या की ओढा पुन्हा होता तिथं आणि होता तसा. पहिली कोनशिला पुरात वाहून गेली. दुसरी चांगली रुंद आणि गुळगुळीत होती. ती बायकांनी ढकलत ढकलत पाण्याच्या काठाला नेऊन बसवली आणि तिच्यावर धुणं सुरू झालं. तिसरी शिवाप्पाअण्णांनी आपल्या गोठ्याची पायरी केली. शिवाप्पाअण्णा म्हणजे आमच्या बांधाला बांध लागून असलेले लिंगायत शेतकरी, घरात कानडी आणि बांधावर मराठी बोलणारे. "सरकारनं आमच्या गावाला पूल दिला न्हाई, पर दगड लई चांगलं दिलंय," असं ते पाहुण्यांना सांगायचे.

दहावी मी चांगल्या मार्कांनी पास झाले आणि घरी बसले. पुढचं कॉलेज उमरग्याला. पहाटे अंधारात ओढा ओलांडून हमरस्ता गाठायचा, यष्टी पकडायची आणि दिवस बुडाल्यावर पुन्हा ओढ्यातून परत. आबा कठोर नव्हते, भित्रे होते. "यष्टी गावात येऊ दे, सुमे," ते म्हणायचे, "दारातनं बसायचं आन् दारात उतरायचं. मग कुठवर बी शीक. म्या अडवणार न्हाई." यष्टी यायला पूल पाहिजे होता. पुलाला काय पाहिजे होतं ते देवाला ठाऊक. दिवाळी झाली आणि भूमकडचं एक स्थळ आलं. मुलगा बरा होता, रान बरं होतं, माणसं बरी होती. वाईट असं काही दाखवता येत नव्हतं आणि तेच मला सलत होतं. येळवस झाली की ते पाहायला येणार असं ठरलं. मी शेंगा सोलायची आणि मनात दिवस मोजायची. रडू यायचं, पण आमच्या घरात शेंगा सोलताना रडलेलं चालत नसे. माय म्हणायची, भज्जी खारट होते.

अशात मुकुंदराव जीप घेऊन गावात आले. मुकुंदराव आमच्याच भावकीतले, पण उमरग्याला जाऊन ट्रकच्या धंद्यात वर आलेले आणि आता पुढारीपणाच्या पायरीवर एक पाय ठेवलेले. पारावर उभं राहून त्यांनी जाहीर केलं की मंत्रीसाहेब येणार, ओढ्यापलीकडच्या माळावर सभा होणार, साहेब हेलिकॉप्टरनं उतरणार आणि सोबत मुंबईची एक नटी असणार. नटीचं नाव ऐकल्यावर पारावर जो आवाज उठला तो मला अजून आठवतो. मग कुणीतरी तारीख विचारली. मुकुंदरावांनी तारीख सांगितली. ती येळवस होती.

हे असं का झालं ते पुढं कळलं, आणि अजूनही मला त्याचं हसू येतं. अमावस्येला कुणीच सभा ठेवत नाही, त्यामुळं त्या एका दिवशी हेलिकॉप्टरही मोकळं होतं आणि नटीही मोकळी होती. मुंबईतल्या माणसांना वाटलं, बरं झालं. साहेबांना "त्या दिवशी आमच्याकडं गावात चिटपाखरू नसतं" हे सांगायची मुकुंदरावांची छाती झाली नाही. पण नुसती भीतीच नव्हती. त्यांचा हिशोब असा की शाळेला सुट्टी, कचेऱ्यांना सुट्टी, सगळी माणसं रिकामी. "हेलिकॉप्टर बघाया माणूस ताटावरनं उठतंय," ते पारावर म्हणाले. वर त्यांनी आबांच्या खांद्यावर हात टाकून हळूच सांगितलं, "तात्या, गर्दी दिसू द्या फकस्त. सायबाच्या तोंडून पुलाची घोषणा करवून घेतो. तुमच्या सुमीचं कालेज पक्कं."

आबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पूल! आणि हेलिकॉप्टर! आणि ती नटी, जिचं चित्र मी वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं होतं! मला त्या सभेला इतकं जावंसं वाटत होतं की येळवस नसती तरी चाललं असतं. माय चुलीपुढं बसून तीळ भाजत होती. तीळ तडतडले, तिनं तवा खाली घेतला आणि इतकंच म्हणाली, "तवर कोप तर बांधा."

येळवसच्या सकाळी आमची गाडी रानात पोचली तेव्हा दव होतं. शाळू छातीएवढा उभा, करडई काटेरी आणि हिरवीगार, हरभऱ्याला घाटे धरलेले. आबांनी आंबिलीचं मडकं डोक्यावरून कोपीजवळ उतरवलं. चहूकडून हाळ्या सुरू झाल्या, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जात होत्या. चिंचेला झोके बांधले होते. आणि ओढ्यापलीकडं माळावर पांढराशुभ्र मांडव दिसत होता, मंच दिसत होता, खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा दिसत होत्या. कर्ण्यावर गाणी लागली होती. वारा आमच्या बाजूचा होता. एकेक शब्द ऐकू येत होता, आणि शिवाप्पाअण्णांच्या सुना त्या गाण्यांच्या तालावर उंडे वळत होत्या.

मग ते आलं. आधी आवाज, मग तुळजापूरच्या बाजूनं ठिपका, मग ते प्रत्यक्ष. साऱ्या शिवारातली माणसं उभी राहिली. पोरांनी टोप्या उडवल्या, बैल बुजले, आबांनी कासरा धरला. हेलिकॉप्टरनं आमच्या शाळूवरून एक गिरकी घेतली, कणसं झोपल्यासारखी वाकली आणि पुन्हा उठली. मला त्याचं पोट दिसलं, चाकं दिसली, खिडकीत एक गुलाबी पदरसुद्धा दिसला. मग ते माळावर उतरलं, धुरळ्याचा लोट उठला आणि बसला. सगळं शिवार मिनिटभर उभं होतं. आणि मग, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, सगळं शिवार खाली बसलं आणि जेवायला लागलं. हेलिकॉप्टर पाहून झालं होतं. गाणी ऐकून झाली होती. ओढा ओलांडून जाण्यासारखं पलीकडं काही उरलंच नव्हतं.

आज हे लिहिताना मला वाटतं, राजकारणातलं खरं-खोटं मला त्या एका मिनिटात जेवढं कळलं तेवढं पुढं कधी पेपर वाचून कळलं नाही. आता माझ्या घरात टीव्ही सकाळपासून भांडत असतो. पुढाऱ्यांवर जेसीबीतून फुलं ओततात, आकाशातून त्याचं शूटिंग होतं, कोण कुणाला काय म्हणालं ते नातीच्या मोबाईलवर गाण्यासकट येतं. परवा ती विचारत होती, "आजी, ह्यात व्हिलन कोण?" मी म्हटलं, "ते राहू दे. आपल्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, त्याबद्दल ह्यातलं कुणी बोललं का ते बघ." तिनं खरंच बघितलं. बराच वेळ अंगठा वर सरकवत राहिली आणि मग मोबाईल ठेवून दिला.

तर माळावर साहेब मंचावर उभे होते आणि समोर खुर्च्या होत्या. कर्ण्यावरून आवाज येऊ लागला: "माता-भगिनींना विनंती आहे, सभास्थानी यावं. मुंबईहून आलेल्या लाडक्या अभिनेत्री आपल्याला भेटायला आतुर आहेत." बांधाबांधावरून उत्तर गेलं, "या जेवाया!" त्यात चेष्टा नव्हती, रीतच होती ती. पण शंभर बांधांवरून एकदम गेल्यावर ती चेष्टेसारखीच ऐकू आली असावी. हळूहळू माळावरूनही माणसं गळायला लागली. मांडववाले कामगार पलीकडच्या रानात जेवायला बसले, जीपांचे ड्रायव्हर गेले, बंदोबस्ताचे दोन पोलीस टोप्या काखेत मारून करडईतून जाताना आम्ही पाहिले. सगळ्यात शेवटी हेलिकॉप्टरचा पायलट गेला. त्याला शिवाप्पाअण्णांच्या मेहुण्यानं हाताला धरून नेलं.

थोड्या वेळानं मुकुंदराव स्वतः ओढा ओलांडून आमच्या रानात आले. पॅन्ट मांडीपर्यंत भिजलेली, फेटा सुटलेला. त्यांची पाचावर धारण बसली होती. आबांपुढं त्यांनी हात जोडले. "तात्या, तुमी तरी उठा. तुमी उठलाव तर गाव उठंल. सायबानं मला मंचावर इचारलं, 'माणसं कुठायत?' आता काय सांगू?"

"खरं सांग," माय म्हणाली.

"काकू, चेष्टा करायलाव व्हय? आज गर्दी दिसली न्हाई तर पूल गेला म्हणून समजा. दहा वर्सं न्हाई मिळायचा. सुमीचं तुमीच बघा मग."

आबांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, माळाकडं पाहिलं आणि पटका डोक्याला गुंडाळायला लागले. ते उठतात, गाव उठतं, साहेब घोषणा करतात, मी कॉलेजला जाते: असं सगळं मला दिसत होतं. एवढ्यात माय म्हणाली, "थांबा जरा. जिच्यासाठी जायचं तिला तर इचारा. सुमे, काय करायचं? जायाचं का?"

कुणी असं काही विचारण्याची मला सवयच नव्हती. मी आंबिलीचा गडू हातात धरून उभी होते. आणि का कुणास ठाऊक, मला दहावीतल्या गणिताच्या सरांचा आवाज आठवला: आधी दिलेलं काय ते लिही. मी म्हणाले, "तीन बार नारळ फुटला. तिन्ही बारी गर्दी हुती. आपण समदी हुतो. मी पेढा खाल्लाय. गर्दीनं पूल होत असता तर आता तीन पूल असते." बोलताना माझा आवाज रागानं चढत गेला. "आता एकदा गर्दी न करता बघू."

शिवाप्पाअण्णा बांधावरून ओरडले, "पोरगी बराबर बोलली रे!" आणि आबांनी गुंडाळलेला पटका पुन्हा सोडला. मी आबांना त्यापूर्वी आणि त्यानंतर खूप वेळा पाहिलं, पण तो पटका सोडतानाचे आबा मला सगळ्यात मोठे वाटले.

"मुकुंदा," माय म्हणाली, "सायबाला म्हणावं, येळवस हाय, जेवाया चला. बांधावरनं जाणाऱ्याला आमी सोडत न्हाई, त्ये तर आभाळातनं आल्यात. आन् त्या बाईला बी आण. उपाशी आसंल लेकरू."

मुकुंदरावांनी हा निरोप कसा सांगितला देव जाणे. पण साहेबांना दुसरा मार्ग नव्हता. पायलट पोटभर जेवून चिंचेखाली पडला होता आणि माळावर पोटात घालायला काहीच नव्हतं. अर्ध्या तासानं एक जीप ओढ्यात उतरली, मधोमध आली, घरघरली आणि रुतली. शिवारातली झाडून सारी पोरं आणि निम्मी थोरं काठावर धावली, त्यांत मायही होती आणि मी होते. जीपचं दार उघडलं. साहेबांनी बूट हातात घेतले, पांढरीशुभ्र विजार गुडघ्यावर गुंडाळली आणि पाण्यात उतरले. त्यांच्या मागं नटी, चपला छातीशी धरून, "अगं बाई, अगं बाई" करत. त्यांच्या मागं सोलापूरच्या एका पेपरचा फोटोग्राफर, गळ्यातला कॅमेरा डोक्यावर धरून. मी तीन वर्षं दप्तर असंच नेलं होतं. मला इतकं बरं वाटलं की त्याची आता थोडी लाज वाटते. थोडीच.

साहेब काठाला आले. चिखल होता, पाय कुठं ठेवावा म्हणून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांना एक रुंद, स्वच्छ दगड दिसला. त्यावर एक पाय ठेवून ते वाकले, पाय पुसायला लागले. तेव्हा माय अगदी सहज, धुण्याला आलेल्या शेजारणीशी बोलावं तशी म्हणाली, "सायेब, जरा बघून. तुमच्याच नावावर पाय हाय."

साहेबांनी खाली पाहिलं. दगडावर साबणाचा पांढरट थर होता. त्यांनी तो अंगठ्यानं घासला. आधी 'शुभहस्ते' निघालं, मग त्यांचं नाव, मग 'सभापती'. दुसरा नारळ त्यांनीच फोडला होता, मंत्री व्हायच्या कितीतरी आधी. त्यांना तो आठवतही नव्हता. एक पाय दगडावर, एक पाण्यात, हातात बूट, अशा अवस्थेत त्यांनी मान वर करून विचारलं, "हे कधीचं?"

"माझी सुमी तवा दुसरीत हुती," माय म्हणाली. "ही बगा सुमी. आता दहावी पास झाली."

फोटोग्राफर बिचारा सकाळपासून रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढून कंटाळला होता. त्यानं कळ दाबली. सगळ्यात आधी हसली ती नटी. मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता. मग पोरं हसली, मग सगळा काठ हसला. साहेबांचा चेहरा लाल झाला. मुकुंदरावांनी डोळे मिटून घेतले. आणि मग साहेबही हसले. मनापासून की नाइलाजानं ते मला आजही सांगता येणार नाही.

कोपीपुढं घोंगडी टाकली होती. साहेब बसले, घाम पुसला, भोवती एवढी माणसं पाहिली आणि सवयीनं उठून उभे राहिले. "माझ्या बंधू-भगिनींनो..." त्यांचा आवाज पाच हातांपलीकडं गेला नाही. माईक ओढ्यापलीकडं होता. शिवाप्पाअण्णा हात जोडून म्हणाले, "बर्री, साहेब. ऊटा माडरी. या, आदी जेवा." आणि साहेब मुकाट्यानं खाली बसले. पुढं त्यांनी तीन वेळा भज्जी मागून घेतली. नटी आंबिलीचे दोन गडू प्यायली आणि तिनं मायेला विचारलं की हे कशाचं करतात. माय म्हणाली, "मुंबईत न्हाई जमायचं बाई तुला, ताक चांगलं पायजे." माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावरची बाई माझ्या मायेकडून नाही ऐकून घेत होती आणि हसत होती.

मी वाढायला गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, "दहावीच्या पुढं काय मग?"

"दहावीच्या पुढं ओढा हाय," मी म्हणाले.

मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. पण ते जेवायचे थांबले. त्यांनी ओढ्याकडं पाहिलं, तिथं अजून चार माणसं त्यांची जीप ढकलत होती. "होऊन जाईल," ते म्हणाले. "पुढच्याच महिन्यात नारळ फोडायला येतो मी स्वतः."

"नारळ नको," माय म्हणाली. सगळे दचकले, आबाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण आवाज खाली आणला नाही. "नारळ लई झाले, सायेब. ह्या बारी नारळ फोडायचा न्हाई, मांडव घालायचा न्हाई, फरशी तर आजाबात आणायची न्हाई. आदी यष्टी पुलावरनं येऊ द्या. आमच्या पांडवांपुढं बसून आंबील पिलाव तुमी. हितं बोललेलं खोटं करत न्हाईत."

साहेबांनी कोपीतल्या पाच दगडांकडं एकदा पाहिलं आणि मान डोलावली. भाषण झालं नाही. पायलट उठल्यावर हेलिकॉप्टर गेलं. आम्ही पुन्हा उभं राहून पाहिलं. संध्याकाळी मायेनं कोपीपुढं बोळक्यात दूध उतू घातलं. ज्या दिशेला उतू जाईल तिकडून पुढच्या वर्षी सुगी, असं मानतात. ते ओढ्याकडं उतू गेलं. मी गणिताची बाई आहे, अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण ते ओढ्याकडं गेलं.

दोन दिवसांनी पेपर आला. सभेच्या बातमीला पान मोठं राखून ठेवलं असावं, कारण फोटो चांगला अर्ध्या पानाचा होता. विजार गुडघ्यावर, बूट हातात, पाय दगडावर आणि दगडावर स्वच्छ वाचता येणारं नाव. तो अंक जळकोटपासून उमरग्यापर्यंत न्हाव्याच्या दुकानातून, चहाच्या टपऱ्यांतून महिनाभर फिरला. ज्या लोकांनी वर्षानुवर्षं आम्हाला तमाशा दाखवला, त्यांचा तमाशा एकदा आम्ही बसल्या जागेवरून पाहिला. मला भारी आनंद झाला होता आणि तो मी लपवला नाही. पंधरा दिवसांत मोजणीची माणसं ओढ्यात टेप धरून उभी होती. साहेबांनी शब्द पाळला तो पांडवांना भिऊन की फोटोला भिऊन, यावर आबा आणि शिवाप्पाअण्णा मरेपर्यंत वाद घालत. मला त्यात पडायचं नाही. पूल झाला.

भूमची माणसं ठरल्याप्रमाणं मला पाहायला आली. मायेनं त्यांना उरलेल्या तिळाच्या पोळ्या खाऊ घातल्या आणि सांगितलं, "पोरगी शिकणार हाय. थांबायची तयारी आसंल तर थांबा." ते थांबले नाहीत. आबा त्यांना ओढ्यापर्यंत पोचवायला गेले आणि येताना शीळ घालत आले. शिवाप्पाअण्णांनी ती रानात ऐकली आणि सगळ्यांना सांगितली.

पुलाचं उद्घाटन झालंच नाही. मुकुंदराव दोनदा येऊन विनवून गेले, निदान एक छोटी फरशी लावू म्हणाले. गावानं ऐकलं नाही. त्या पुलावर आजही कुणाचं नाव नाही, आणि तो आजही उभा आहे.

पावसाच्या तोंडाला एका सोमवारी सकाळी यष्टी आली. लाल, चिखलानं माखलेली, एका बाजूला कललेली. आबांनी कंडक्टरला दोनदा विचारलं, "संध्याकाळी परत येती का? हितंच येती का?" मग मला पुढच्या खिडकीशी बसवलं आणि गाडी पुलावर येईपर्यंत दाराला धरून शेजारून चालत राहिले. माय मात्र पोचवायला आलीच नव्हती. मला वाईट वाटलं होतं. जिनं हे सगळं घडवलं तिनं ही गाडी पाहू नये?

गाडी पुलाच्या मधोमध आली आणि मला ती दिसली. खाली काठावर, लुगड्याचा काचा मारून, ती धुणं धूत होती. मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडले, "माय!" तिनं वर पाहिलं. तिच्या हातात आबांचा सदरा होता. तिनं तो ओला सदरा डोक्यावर उंच उचलून माझ्याकडं बघत दोनदा हलवला, आणि मग दाणकन साहेबांच्या नावावर आपटला.